आधी छप्पर, मग औषध

दवाखान्यातून सुट्टी मिळते तेव्हा कार्डाच्या शेवटच्या ओळींत हमखास लिहिलेले असते : आराम करा, पाणी उकळून प्या, गोळ्या वेळेवर घ्या, आठ दिवसांनी दाखवायला या. सल्ला अगदी बरोबर आहे. पण तो काही गोष्टी गृहीत धरतो. घर आहे, घरात चूल आहे, आणि गोळ्यांची पुडी सुरक्षित राहील असे एखादे फडताळ आहे. ज्या कुटुंबाचे घर काल रात्रीच गेले, त्याने हे कार्ड घेऊन कुठे जावे?

या पानावर आपण रक्तदाब, मधुमेह, ॲनिमिया, क्षयरोग यांबद्दल वाचतो. या वेळी त्या सगळ्यांच्या आधी येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलू या. ती म्हणजे डोक्यावरचे छप्पर. कायमच्या घरकुलाबद्दल आपण बोलतोच. रमाई आवासचे अर्ज भरतो, यादीत नाव शोधतो, हप्त्यासाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतो. पण घर गेले ती पहिली रात्र आणि घरकुलाचा पहिला हप्ता यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यात माणसे आजारी पडतात, पोरे शाळेतून सुटतात, बाया नको त्या माणसाच्या आसऱ्याला जातात. त्या काळाबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. चोपड्यासारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी, दवाखान्यापासून जवळ, अशी जागा हवी जिथे अचानक बेघर झालेले अख्खे कुटुंब, न तुटता, काही दिवस राहू शकेल. ही भीक नाही आणि उपकारही नाही. लसीकरण जसे सार्वजनिक आरोग्याचे काम, तसेच हेही.

घर जाते कसे?

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा फूटपाथ येतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक लोक बेघर मोजले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक. या मोजणीत रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या नळ्यांमध्ये, देवळाच्या ओट्यावर, फलाटावर झोपणारी माणसे येतात. पण भावाच्या एका खोलीत सहा जणांवर आणखी चार जण आले, तर ते या आकड्यात येत नाहीत. आपल्या भागातले बेघरपण बहुतेक याच प्रकारचे असते. आज इथे, उद्या तिथे, परवा एस.टी. स्टँडवर.

आपल्याकडे घर जाण्याच्या वाटा आठवून पाहा. सालदाराचे खोपटे मालकाच्या शेतात असते. आखाजीला साल संपते, बोलणी फिसकटतात आणि नोकरीबरोबर घरही जाते. तेही बरोबर त्या दिवसांत, जेव्हा खान्देशात पारा ४५ अंशांना टेकतो. उन्हाळ्यात वाऱ्यावर ठिणगी उडते आणि कुडाच्या चार झोपड्या दुपारच्या आत राख होतात. पावसाळ्यात नाल्याकाठच्या वस्तीत रात्री पाणी शिरते. भाड्याच्या खोलीत कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, तीन महिन्यांचे भाडे थकते, कडीला मालकाचे कुलूप लागते. क्षयरोग झाल्याचे कळताच खोली खाली करायला सांगणारे घरमालकही आहेत. दारूच्या नशेत मारहाण होते आणि बाई तीन लेकरांना घेऊन अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडते. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला दोन्हीकडचे दरवाजे बंद होतात. गावात जातीवरून तंटा होतो आणि वस्तीवर बहिष्कार पडतो.

यातले प्रत्येक कारण वेगळे आहे. पण रात्री आठ वाजता प्रश्न एकच उरतो. आमच्या अहिराणीत तो दोन-तीन शब्दांत विचारतात : आते कथा जावानं?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला बजावून गेला. त्यांनी दोन मित्रांकडे तात्पुरता आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. शेवटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आपण दर वर्षी २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतो, त्या दिवसामागे हीच घटना आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी मागितले ते काय होते? बंगला नव्हे. दुसरी सोय होईपर्यंतचा थोडा आसरा. एवढ्या शिकलेल्या, सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला तो मिळाला नाही. मग कडेवर पोर आणि पाठीशी म्हातारी सासू असलेल्या मजूर बाईला तो आपोआप मिळेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

उघड्यावरची रात्र अंगावर कशी येते?

आता आरोग्याकडे येऊ. घर गेल्यावर पहिल्या आठ-पंधरा दिवसांत शरीराचे जे होते, ते पुढे अनेक महिने निस्तरावे लागते.

पहिली गोष्ट, सर्पदंश. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. तोवर वेळ गेलेली असते. खाट, मच्छरदाणी आणि उजेड या तीन साध्या गोष्टींनी हा धोका खूप कमी होतो. उघड्यावर तिन्ही नसतात. असे काही झाले तर मांत्रिकाकडे जाऊ नका, चिरा देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट, उष्णता आणि थंडी. खान्देशात दोन्ही टोकाच्या असतात. मे महिन्यात डांबरी रस्ता आणि सिमेंटचा ओटा रात्रीही तापलेला राहतो. शरीराला गार व्हायला वेळच मिळत नाही. लहान मूल आणि म्हातारे माणूस यात आधी कोसळते. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला बोचरी थंडी पडते. नवजात बाळ स्वतःच्या अंगाची ऊब टिकवू शकत नाही. आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणे हा उत्तम उपाय आहे, पण त्यासाठी आईला आडोसा तर हवा.

तिसरी गोष्ट, सिकलसेल. सातपुड्यातल्या पावरा, भिल, तडवी बांधवांत आणि आपल्याही काही कुटुंबांत हा आजार आहे. थंडी, तहान, दमणूक आणि ताप यांनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येतो. बेघर झालेल्या माणसाला या चारही गोष्टी एकाच रात्री भेटतात. म्हणून ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्या घराला छप्पर देणे हा उपचाराचाच भाग आहे.

चौथी गोष्ट, तुटलेला औषधोपचार. क्षयरोगाची साधी केससुद्धा सहा महिने गोळ्या मागते. धावपळीत पुडी हरवली, दोन आठवडे खंड पडला, की जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो आणि तोच जंतू पुढे घरच्यांनाही होतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. निक्षय क्रमांक देशभर चालतो. गाव बदलले तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात तो क्रमांक सांगून गोळ्या पुढे सुरू करता येतात. पोषण आहारासाठीचे महिना एक हजार रुपयेही त्याच क्रमांकावर मिळतात. इन्सुलिनचेही तसेच आहे. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली ठेवावी. पण मडके ठेवायला कोपरा लागतो.

पाचवी गोष्ट बायांची. स्टँडवर किंवा रस्त्याकडेला रात्र काढणारी बाई संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करते, कारण रात्री लघवीला जायची भीती वाटते. त्यातून लघवीची जळजळ, ताप, गरोदर असेल तर वेळेआधी कळा. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला, वाळवायला जागा नाही. ओली बाळंतीण असेल तर काळजीने आणि उपासमारीने दूध कमी होते, मग बाळाला वरचे दूध सुरू होते, बाटली स्वच्छ राहत नाही आणि जुलाब लागतात.

आणि सहावी गोष्ट, मनाची. घर गेलेले मूल काही बोलत नाही. ते अंथरूण ओले करू लागते, झोपेत दचकते, आईला क्षणभर सोडत नाही. बाप चिडचिडा होतो किंवा बाटलीकडे वळतो. म्हातारी बोलायची थांबते. हे वेड नव्हे. हा धक्का आहे, आणि तो उतरायला पहिली गरज असते ती सुरक्षित झोपेची. झोपेनंतर बोलणे. त्यासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते.

या यादीत महागडे औषध कुठेच नाही. पाच-सहा रात्री कडी लागणारे दार, दिवा, पाणी, संडास आणि चूल मिळाली, तर यातले बरेच टळते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या लोकांना वाटते, हे मागायचे तर कोणत्या तोंडाने मागायचे? मागायचे ते हक्काने.

१९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईच्या फूटपाथवरील झोपड्या हटवण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला, ही या निकालाची दुसरी बाजू. तरीही पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, असे सांगितले. म्हणजे माणसाला कोणत्या ऋतूत बाहेर काढता, हाही कायद्याचा प्रश्न आहे.

२००९-१० च्या हिवाळ्यात दिल्लीतला एक रात्रनिवारा पाडला गेला. तो विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने आधी दिल्लीला, मग इतर राज्यांना निवारे उभारायला सांगितले. त्यातून पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. तिचे निकष स्पष्ट होते. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय. माणशी किमान ५० चौरस फूट जागा. चोवीस तास आणि बारा महिने उघडे. पाणी, संडास, स्वयंपाकघर, प्रथमोपचार, मुलांना अंगणवाडीशी जोडून देणे. आणि कुटुंबांसाठी खासगीपणा राखणारे वेगळे निवारे.

चोपडा शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ७२ हजारांच्या घरात होती. त्या हिशेबाने ७० माणसांची सोय होते. आपण तर फक्त चार कुटुंबांच्या चार खोल्यांबद्दल बोलत आहोत. योजनांची नावे सरकारागणिक बदलतात, पाट्यांचे रंग बदलतात. नगरपरिषदेची जबाबदारी बदलत नाही.

अत्याचारग्रस्तांसाठी तर याहून पक्की तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ मधील नियम १२ नुसार पीडित कुटुंबाला सात दिवसांच्या आत तातडीची मदत द्यायची असते आणि त्या मदतीत अन्न, पाणी, कपडे, वैद्यकीय मदत, वाहतूक यांच्याबरोबर निवाराही स्पष्ट लिहिलेला आहे. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा वेगळा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. आपण फिर्याद नोंदवण्यावर आणि भरपाईच्या रकमेवर जोर देतो, ते योग्यच आहे. पण तहसीलदारांसमोर उभे राहून ‘नियम बारा प्रमाणे आज रात्रीची राहण्याची सोय करा’ असे किती जण म्हणतात? १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा असा नियम नव्हता. आज आहे. वापरला नाही तर तो कागदावरच राहील.

आणखी दोन तरतुदी. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास निवारागृहाने तिला आसरा देणे बंधनकारक आहे. आंतरजातीय जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित घरांचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर बंधने घातली. घर पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी, असे सांगितले. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. आणि आपली गरीब माणसे नेमकी तिथेच राहतात. म्हणजे पुन्हा प्रश्न त्या पहिल्या रात्रीवरच येतो.

कुटुंब तोडणारा आसरा

‘सोय आहे की’ असे सांगणारे भेटतील. हिंसाचारग्रस्त महिलांसाठी जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे साधारण पाच दिवस राहता येते. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन आहे. अनाथ मुलांसाठी बालगृह आहे, वृद्धांसाठी वृद्धाश्रम आहे. यातली प्रत्येक सोय गरजेची आहे आणि तिथे काम करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण यातल्या प्रत्येक दारावर माणसाचा एक तुकडा आत घेतला जातो आणि बाकीचे बाहेर राहतात.

समजा, लासूरकडचे एक कुटुंब आहे. नवरा, बायको, चौदा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि म्हातारा बाप. झोपडी जळाली. बायको आणि लहान मुलगी महिलांच्या निवाऱ्यात जाऊ शकतील, पण हिंसाचाराची केस नसेल तर तेही अवघड. नवऱ्याला, असलाच तर, पुरुषांचा रात्रनिवारा. चौदा वर्षांचा मुलगा आईबरोबर महिलांच्या निवाऱ्यात चालत नाही, पुरुषांच्या हॉलमध्ये ठेवणे धोक्याचे. म्हाताऱ्याला कोण सांभाळणार? अशा वेळी कुटुंब काय करते? सगळे मिळून उघड्यावर राहतात. त्यांना मदत नको असते असे नाही. तुटायला नको असते. घर जळालेल्या माणसाजवळ उरलेली शेवटची मत्ता म्हणजे त्याची माणसे. तीही वाटून टाका, असे सांगणारी सोय ही सोय नव्हे.

शिवाय अंतर पाहा. वैजापूर, सत्रासेन, उमर्टीकडून चोपड्याला यायचे, तिथून पुन्हा तापी ओलांडून पन्नासेक किलोमीटरवर जळगावला जायचे. रात्री गाडी नाही, दिवसा मजुरी बुडते, मुलाची शाळा मागे राहते. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणची सोय तालुक्याला पुरत नाही. चोपड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, न्यायालय आहे, तहसील आहे, पोलीस ठाणे आहे. या चारही दारांपर्यंत पायी पोचता येईल अशी एक जागा तालुक्याच्या गावातच हवी.

‘तात्पुरते’ या शब्दाचा धोका

एक इशारा मात्र द्यायला हवा. तात्पुरते म्हणून सुरू झालेले कायमचे होते, हे मुंबईच्या संक्रमण शिबिरांनी दाखवले आहे. काही महिन्यांसाठी गेलेल्या कुटुंबांच्या तिथे पिढ्या गेल्या. इंग्लंडमध्ये बेघर कुटुंबाला आसरा देणे हे १९७७ पासून स्थानिक कौन्सिलचे कायदेशीर काम आहे. मुले असलेल्या कुटुंबाला लॉजसारख्या जागेत सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असा २००३ चा नियमही आहे. तरी स्वस्त घरे पुरेशी बांधली न गेल्यामुळे तिथे आज एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या जागांत अडकून आहेत. श्रीमंत देशाची ही गत. यातून धडा एवढाच घ्यायचा की निवारा हा पूल आहे. पुलाच्या पलीकडे जमीन हवी. कुटुंब आत आले त्याच दिवशी बाहेर पडण्याची वाट शोधायला सुरुवात व्हावी : पंचनामा, रेशनकार्डाची दुसरी प्रत, आधार, शाळेचा दाखला, घरकुलाचा अर्ज, भाड्याची खोली, काम. त्यासाठी निवाऱ्यात पहारेकऱ्याइतकाच कागदपत्रे समजणारा एक माणूस लागतो. पंधरा दिवस, फार तर महिना. त्यापुढे कुटुंब तिथेच असेल, तर दोष कुटुंबाचा न मानता नगरपरिषदेने आणि तहसीलने जाब द्यावा.

विहाराचे दार

आता थोडे स्वतःकडे पाहू. जवळजवळ प्रत्येक बौद्ध वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे. काही लोकवर्गणीतून उभे राहिले, काही दलित वस्ती सुधार योजनेतून. भिंती पक्क्या, फरशी चांगली, पंखे आहेत. पण किल्ली एकाच्या खिशात. रविवारची वंदना, जयंती, वर्षावास, एखादे लग्न, एवढे सोडले तर कुलूप. रात्री मार खाऊन आलेली बाई समितीच्या अध्यक्षांकडे गेली, तर उत्तर मिळते : बाई, तुमच्या घरचा मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही.

हे उत्तर आपल्याला शोभत नाही. विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा असा आहे. आजारी भिक्खूला सोबत्यांनी टाकून दिलेले पाहून तथागतांनी स्वतः त्याचे अंग धुतले, ही कथा आपण धम्मवर्गात मुलांना सांगतो. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण आपल्या माणसाला दुसरीकडे पथारी टाकू देत नसत. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना उतरायला जागा देते. परंपरा आपल्याकडे आहे. फक्त किल्ली शोधायची आहे.

विहाराने सरकारी निवाऱ्याची जागा घ्यावी, असे मात्र मुळीच म्हणायचे नाही. तसे झाले तर नगरपरिषद सुटेल आणि महिला मंडळाच्या गळ्यात काम पडेल. विहाराने करायचे ते फक्त पहिल्या तीन रात्रींचे काम. त्यासाठी काही नियम आधी ठरवावेत. किल्ली तीन घरांत असावी, त्यांपैकी एक बाईकडे. संडास आणि पाण्याची सोय नसेल तर आधी ती करावी. दोन चटया, चार चादरी, मच्छरदाणी, बॅटरी, जलसंजीवनीची पाकिटे आणि प्रथमोपचाराची पेटी एका कपाटात ठेवावी. कुटुंब आले की वहीत नोंद करावी आणि आशाताईंना कळवावे. हिंसाचाराची बाब असेल तर १८१ किंवा ११२, मुलांच्या बाबतीत १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. बाई किंवा मूल एकटे असेल तर सोबतीला दोन बाया असाव्यात. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : कोणाचाही फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नये. मदतीचा फोटो मारेकऱ्याला पत्ता सांगतो.

दार कोणासाठी उघडायचे, हा प्रश्नही निघेल. पावरा, भिल, मुसलमान, कुणबी, जो कोणी लेकरांसह उभा असेल त्याच्यासाठी. जात विचारून दार उघडणारे आपण नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

काही जण म्हणतील, सोय झाली की बाया ऊठसूट घर सोडून येतील, संसार मोडतील. संसार मारहाणीने मोडतो. दार उघडे असल्याने मोडत नाही. उलट, जाण्याला जागा आहे हे माहीत असलेली बाई बोलणी करू शकते, नवराही हात आवरतो. काही म्हणतील, पोलिसांचे लफडे नको. नोंद केली, ११२ ला कळवले, की लफडे आपले राहत नाही. काही म्हणतील, गावात एवढे बेघर आहेतच कुठे? मोजल्याशिवाय दिसणार कसे? जनगणनेत बेघरांचीही मोजणी होते. तेव्हा आपल्या तरुणांनी प्रगणकांना वीटभट्ट्या, केळीच्या बागांतली खोपटी, स्टँड आणि पुलाखालच्या जागा दाखवल्या, तर आकडा आपोआप समोर येईल.

पुढच्या बैठकीचा विषय

लेख वाचून हळहळणे पुरेसे नाही. चार कामे करता येतील. पहिले, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून नगरपरिषदेला विचारा : शहरात बेघरांसाठी निवारा कुठे आहे, त्यात खाटा किती, कुटुंबासाठी वेगळी खोली आहे का, रात्री दहानंतर कोण दार उघडतो, गेल्या वर्षी किती कुटुंबे राहिली? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. निवारा असेल तर एका रात्री दोघा-तिघांनी जाऊन प्रत्यक्ष पाहून या. कागदावरची खोली आणि उघडे दार यांत फरक असतो. दुसरे, त्या उत्तरावर नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि आपल्या नगरसेवकांना लेखी निवेदन द्या : दवाखान्याच्या जवळ, कुटुंबासाठी किमान चार खोल्या, कडी, दिवा, संडास आणि चूल. तिसरे, तालुका विधी सेवा समितीतल्या वकिलांना विहारात बोलावून नियम १२ आणि २००५ चा कायदा समजून घ्या. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना ही कायदेशीर मदत मोफत आहे, क्रमांक १५१००. चौथे, रुग्णालयातल्या परिचारिका आणि आशाताईंना विनंती करा, की सुट्टी देताना रुग्णाला एक प्रश्न जास्तीचा विचारावा : आज रात्री झोपणार कुठे?

या चार कामांना पैसा फारसा लागत नाही. लागतो तो एका संध्याकाळचा वेळ आणि सही करणारी पंचवीस माणसे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हा विषय बैठकीत घ्या, आणि उठण्यापूर्वी ठरवून टाका की विहाराची दुसरी आणि तिसरी किल्ली कोणाच्या घरी राहणार.